पाचवीतल्या मुलीचे पैसे नक्की कोणाचे?

उत्साही : बाई, आडवळण न घेता विचारतो. येत्या जूनमध्ये आमची मुलगी पाचवीला हायस्कुलात जाईल. आजवर जिल्हा परिषदेची शाळा होती, घरापासून हाकेच्या अंतरावर. पैशांचा प्रश्न कधी आलाच नाही. आता रोज एसटीनं तालुक्याला जायचं, संध्याकाळी परत यायचं. तिच्या हाताशी पैसे हवेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते नोटांच्या रूपात नकोत असंही. नोट हरवते, चोरीला जाते, मोठी मुलं हिसकावून घेतात, आणि गेली कशावर याचा थांगपत्ता लागत नाही. आज सोयी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2025 च्या परिपत्रकानुसार दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतःच्या नावावर उघडता येतं आणि स्वतः चालवताही येतं. किती रकमेपर्यंत, एटीएम कार्ड द्यायचं का, नेट बँकिंग द्यायचं का, हे प्रत्येक बँकेनं आपापलं ठरवायचं. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी : खात्यात असेल तेवढंच काढता येईल, शिल्लक उणे जाऊ द्यायची नाही. दहावं वर्ष आणि पाचवी एकदमच येतात. याहून चांगला मुहूर्त कुठला?

(शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात पाचवी अजून प्राथमिकच. पण आपल्याकडची बरीच हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात आणि मुलाच्या दिनक्रमात खरा बदल तेव्हाच होतो, म्हणून इथे तोच टप्पा धरला आहे.)

साशंक : मुहूर्ताचं नंतर बघू. आधी मला गरज सांगा. एसटीचा पास? ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून तो फुकट मिळतो. डबा घरचा. वह्या, पुस्तकं, गणवेश तुम्ही आणणार. मग रोज पैसे लागतात कुठे? उरली ती अडचण. एसटी चुकली, वडापनं यावं लागलं, चप्पल तुटली. त्यासाठी शंभराची एक नोट घडी करून कंपासपेटीत ठेवायची, पट्टीखाली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या कंपासपेटीत अशी नोट असायची आणि वर्षअखेरीस ती तशीच्या तशी घरी जायची. नोटेचा एक गुण तुम्ही मोजतच नाही. गेली तर शंभरच जातात. त्या शंभराच्या मागे ना तुमचं खातं असतं, ना तुमचा फोन नंबर. तिला कुणी फोन करून फसवू शकत नाही. सुरक्षित, सुरक्षित म्हणता, त्यात याहून सुरक्षित काय आहे?

उत्साही : अडचणीपुरता विचार केला तर तुमचं खरं आहे. पण मी तेवढ्यापुरतं बोलत नाही. मधल्या सुट्टीत चार मैत्रिणी गाड्यावर जाणार आणि हिनं वर्गात बसायचं? मैत्रिणीचा वाढदिवस, शिक्षक दिनाची वर्गणी, सहल, शाळेच्या स्टॉलवरचं स्टिकर. ही खरेदी मोठ्यांना क्षुल्लक वाटते, पण घ्यावं की नको हे मूल पहिल्यांदा तिथेच ठरवतं. आणि पैसे सांभाळायला शिकवणं ही काही मोबाइल आल्यावर निघालेली टूम नाही. तुमच्याच शाळेत संचयिका होती ना? पंधरा सप्टेंबरला संचयिका दिन व्हायचा, मुलांच्या हातात पासबुकं असायची. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावावर बचत खातं काढता येतं. मी त्याच वाटेवर एक पाऊल पुढे टाकतोय. यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2024 मध्ये तिला मान्यता दिली. खातं माझं, पैसे भरणारी ती. दोन तऱ्हा आहेत. एकीत ती क्यूआर स्कॅन करते, मागणी माझ्या फोनवर येते, मी पिन टाकला तरच पैसे जातात. दुसरीत मी महिन्याची मर्यादा घालून देतो, मग दर वेळी विचारावं लागत नाही. नियमानं ती मर्यादा महिन्याला पंधरा हजारांपर्यंत आणि एका व्यवहाराला पाच हजारांपर्यंत नेता येते. मी तीनशे ठेवीन. आपल्याला विहिरीत पोहायला शिकवलं ते पाठीला डबा बांधूनच की. हा तो डबा.

साशंक : संचयिकेचा दाखला देऊ नका, तिचा सगळा रोख उलट्या दिशेला होता. मूल पैसे आणून भरायचं, वर्गातलीच मुलं नोंद करायची, आकडा वाढलेला सगळ्यांना दिसायचा. तिथे खर्चाची सोय नव्हती, खर्चाला आडकाठी होती. मुद्दलात तीच शिकवण होती. तुम्ही जे सांगताय त्यात खर्च बोटाच्या टोकावर आलाय. असो. त्याहून मोठी अडचण साधी आहे. यूपीआयला फोन लागतो, आणि कुठल्याही धड शाळेत पाचवीच्या मुलीला फोन आणू देत नाहीत. मग तो असणार कुठे? दप्तराच्या तळाशी, बंद करून, बाईंच्या नजरेआड. म्हणजे पैशाचे पहिले धडे लपवाछपवीनं सुरू. फोन नको म्हणून कार्ड द्यावं, तर वडापाववाल्याकडे कार्डाचं मशीन नाही, स्टेशनरीवाल्याकडे नाही, रसवंतीवाल्याकडे नाही. सगळीकडे क्यूआरचा कागद चिकटवलेला. जिथे मूल खरोखर पैसे खर्च करतं तिथे कार्ड चालत नाही, आणि जे चालतं त्याला फोन लागतो. एसटीत कंडक्टर आता यूपीआय घेतो म्हणे, पण हिला तर तिकीटच नाही! वीस रुपयांच्या वडापावासाठी तुम्ही तिच्या हाती दहा हजारांचा फोन देणार. त्या फोनबरोबर आणखी काय काय येतं, ते मी सांगायला नको.

उत्साही : कार्डाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, तालुक्याच्या गावात ते एटीएमपुरतंच. तरी त्याच्या धोक्याचा बाऊ होतो. पाच हजारांपर्यंत पिन न टाकता नुसतं टेकवून पैसे जातात हे खरं, पण नव्या कार्डावर ती सोय मुळात बंदच असते, ऑनलाइन खरेदीही बंद असते. आपण सुरू करू तेव्हाच सुरू होते. तो भाग सोडा. फोनचं बोलू. तुम्ही असं धरून चालताय की आज मुलांच्या हाती पैसे नाहीत आणि मी ते द्यायला निघालोय. आमच्या आळीत या कधी संध्याकाळी. सात-सात वर्षांची पोरं आईचा फोन घेऊन दुकानात दूध आणायला येतात, स्कॅन करतात, पिन टाकतात आणि पळतात. आईचा पिन त्यांना पाठ आहे, आणि त्या पिनामागे महिन्याचा सगळा पगार आहे. यूपीआय लाइट असेल तर हजार रुपयांपर्यंत पिनसुद्धा लागत नाही. याला कुणी मुलांना पैसे देणं म्हणत नाही. हे आहे बिनमर्यादेचं, बिनहिशेबी, चोरवाटेचं. घरोघरी सुरू आहे. दार सताड उघडंच आहे, बाई. मी त्याला कडी बसवा म्हणतोय, तर तुम्ही मला दार उघडल्याचा दोष देताय.

साशंक : हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. आईचा पिन पोराला ठाऊक असण्यापेक्षा पोराचा वेगळा तीनशेचा बटवा कितीही बरा. हे मान्य. पण मग पहिलं काम मुलीला काही देण्याचं नाही, आईनं आपला पिन बदलण्याचं आहे. आणि ते कुणी करत नाही, कारण दूध आणायला पोरगंच लागतं!

आता माझी खरी भीती सांगते. तीस वर्षं वर्गावर काढल्यावर मला पैसे जाण्याची फारशी काळजी वाटत नाही. पैसे गेल्यावर मूल काय करतं याची वाटते. पाचवी-सहावीच्या मुलाला आठवीतला मुलगा गाठतो आणि म्हणतो, 'पन्नास पाठव, उद्या देतो.' नोटेच्या काळात खिसा उलटा करून दाखवता यायचा, संपलं. मर्यादा तीनशे आहे हे त्या मोठ्या मुलाला चार दिवसांत कळतं आणि तो महिन्याला तीनशे नेमानं नेतो. मर्यादेनं रुपये अडतात, धाक अडत नाही. किंवा खेळातले हिरे घ्यायचे असतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदी आली, पण त्यात हे हिरे, पोशाख, बंदुका विकणारे खेळ येत नाहीत. किंवा फोन येतो, 'चुकून तुमच्या नंबरवर पैसे आलेत, परत पाठवा.' यावर रिझर्व्ह बँकेचा नियम काय आहे? ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. पण त्यानं स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंत जे गेलं ते त्याचंच गेलं. सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबरसुद्धा तासाभरात फिरवला तर उपयोगाचा. म्हणजे सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे : ज्याचे पैसे गेले तो लगेच तोंड उघडेल. आणि दहा वर्षांचं मूल नेमकं तेच करत नाही. ते गप्प बसतं. जेवत नाही. पोटात दुखतंय म्हणतं.

उत्साही : म्हणून तर प्रत्येक खर्चाचा माझ्या फोनवर येणारा मेसेज! तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगात मूल गप्प बसलं तरी मला कळणार आहे. एकाच नावावर तीनदा पन्नास गेले की त्या संध्याकाळी मी विचारीन, हा मुलगा कोण? नोटेत हे कळायची सोय आहे का? कंपासपेटीतली नोट घेऊन तो आठवीतला गेला असता तर मला दिवाळीला कळलं असतं. मूल बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीनं बोलणारी व्यवस्था हवी. तीच मी मांडतोय.

साशंक : त्या मेसेजबद्दलच मला बोलायचंय, आणि जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. पाचवीत नाही तर सहावी-सातवीत तुमच्या मुलीची पाळी सुरू होईल. कधीकधी शाळेतच होते. आमच्याकडे कपाटात पॅड असायचे, पण सगळ्याच मुली बाईंकडे येत नाहीत. एखादी मैत्रिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाते. त्या क्षणी तुमच्या फोनवर येतं : अमुक मेडिकल, चाळीस रुपये. तुम्ही प्रेमाचे बाप. तुम्ही लगेच फोन कराल, काय झालं, बरं नाही का? किंवा पहिल्या तऱ्हेनं केलं असेल, तर ती दुकानात मान खाली घालून उभी आणि तुमचा पिन यायची वाट बघतेय, कारण तुम्ही मोटारसायकलवर आहात. तिनं ही गोष्ट आधी आईला सांगायची, की मैत्रिणीला, की कुणालाच नाही, हे तिचं तिनं ठरवायचं. ते तुमच्या मेसेजनं ठरवून टाकलं. आणि हे काही पॅडपुरतं नाही. भांडलेल्या मैत्रिणीसाठी घेतलेलं चॉकलेट, देवळाच्या पेटीत टाकलेले दोन रुपये. मुलांच्या अशा गोष्टी असतात. पुढे मुलं हुशार होतात. मेसेज येतो म्हटल्यावर स्टेशनरीवाल्याला वीस स्कॅन करायचे आणि त्याच्याकडून वीस रोख घ्यायचे. तुम्हाला दिसणार 'स्टेशनरी'. पहारा बसवला की पहारा चुकवायचं शिक्षण आपोआप सुरू होतं.

उत्साही : मेडिकलचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण बाई, खाजगीपणाचं एवढं कौतुक करताना नोटेची दुसरी बाजू तुम्ही झाकताय. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, अठरा वर्षांखालच्याला तर कुठेच विकता येत नाही. तुमच्या हायस्कुलाच्या फाटकातून पानटपरी दिसत नाही? शाळेच्या पन्नास मीटरांत जास्त साखर-मीठ-तेलाचं खाणं विकू नये असा नियम आहे. फाटकाला चिकटून काय विकतात? तिथे नोट चालते ती नोटेला तोंड नसतं म्हणून. ज्या अंधारात मुलगी लाजेची खरेदी करते, त्याच अंधारात मुलगा पुडी घेतो. तुम्ही एकीला अंधार मागताय, तो दुसऱ्यालाही मिळणार. दहा वर्षांच्या लेकराच्या बापानं डोळे मिटून घ्यावेत असं तुमचं म्हणणं असेल, तर ते मला पटणार नाही.

पण तुमच्या बोलण्यातून दुसरंच काहीतरी लक्षात आलं. सर्कलमध्ये पैसे माझ्याच खात्यातून जातात. तिनं वडापाव घेतला काय, नाही घेतला काय, तिच्याजवळ काही उरतही नाही आणि संपतही नाही. मर्यादा संपते, एवढंच. महिनाभर तिनं खर्च टाळला तर वाचलेले पैसे माझे. एक तारखेला मर्यादा पुन्हा तीनशे. म्हणजे शहाणपणानं वागण्याचं फळ बापाला आणि उधळपट्टीला शिक्षा नाही. मी तिला पैसे देतोय असं म्हणत होतो, पण देतोय ती माझ्या पैशांना हात लावायची परवानगी.

साशंक : आता आपण प्रश्नाशी आलो. नोट की क्यूआर, हा वाद त्या मानानं वरवरचा आहे. कंपासपेटीतली शंभराची नोट तिची होती. ती मोडायची की नाही हे ती ठरवायची, म्हणून तर वर्षभर टिकायची. पण खातं तिच्या नावावर काढल्यानंही काम होत नाही. पाचवीपासूनच्या मागासवर्गीय मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते, इतरही असतात. त्यासाठी किती मुलींची खाती काढायला लावली, किती फॉर्म भरले, हिशेब नाही. खातं मुलीच्या नावावर, पासबुक बापाच्या कपाटात, आणि शिल्लक किती विचारलं तर मुलगी माझ्याकडे बघते. नावावर पैसे असणं आणि पैसे आपले असणं यांत अंतर आहे. ते अंतर कापायचं तर तुम्हाला एक कबूल करावं लागेल, आणि ते तुम्हाला जमेल का याची मला शंका आहे. पैसे तिचे, तर वाया घालवायचा अधिकारही तिचा. महिन्याचे तीनशे पहिल्याच आठवड्यात स्टिकरांवर गेले तर उरलेले तीन आठवडे तुम्ही गप्प बसायचं. पुन्हा भरायचे नाहीत आणि टोचूनही बोलायचं नाही. बोललात तर आठवीतल्या मुलानं पैसे नेले तेव्हा ती तुम्हाला सांगणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

उत्साही : स्टिकरांचं जमेल. तंबाखूचं नाही जमणार. आणि स्टिकर कुठे संपतं आणि काळजीचं कुठे सुरू होतं, हे तीनशेच्या आकड्यावरून मला कसं कळावं? निदान कायदा माझ्या बाजूनं आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं मोहरीबीबीच्या खटल्यात 1903 मध्येच सांगून ठेवलंय. दहा वर्षांच्या मुलीला कुणी उधारीवर सामान देऊन वसूल करू शकत नाही. म्हणजे ती उधळेल ते हातातलंच.

साशंक : कायद्यानं हो. पण आठवीतला मुलगा 1903 चा निकाल वाचून येत नाही. 'कालचे वीस दे' म्हणून तो फाटकाशी उभा असतो. मुलांच्यात उधारी चालते, व्याजासकट चालते, आणि ती तुमच्या बँकेच्या कुठल्याच पटलावर दिसत नाही.

उत्साही : मग असं करू. पोस्टात तिच्या नावावर खातं. पासबुक तिच्या खणात. महिन्याला ठरलेली रक्कम, थोडी हातात रोख, बाकीची तिनं स्वतः खिडकीशी जाऊन भरायची, लागली तर स्वतः काढायची. कंपासपेटीत तुमची ती नोट. आईचा पिन आजच बदलतो. फोन आणि सर्कल आठवीला, तेव्हा पुन्हा बोलू. पण बँकेतही खातं काढलं, की त्याला मोबाइल नंबर माझाच जोडावा लागेल. मेसेज मला येणारच. ते मी थांबवणार नाही.

साशंक : दहाव्या वर्षी येऊ द्या. तिला मात्र सांगा की येतो. चोरून बघू नका. तेराव्या वर्षी बंद करा.

उत्साही : तेराव्या वर्षीच तर भीती जास्त! सोय तेव्हाच लागणार आणि तुम्ही नेमकी तेव्हाच काढून घ्या म्हणताय.

साशंक : म्हणतेय खरी. आणि तुमचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. यावर आपलं जमायचं नाही. अठरा पूर्ण झाली की बँक तिची नव्यानं सही घेईल आणि त्या दिवसापासून खात्याचं तुम्हाला काही विचारता येणार नाही, एवढंच ठरलेलं आहे. तोवर आठ वर्षं आहेत. तूर्त एक करा. पोस्टात तुम्ही एकटे जाऊन फॉर्म भरून येऊ नका. दहा वर्षांवरच्या खात्यावर सही मुलीची लागते, ती दर वेळी सारखी यावी लागते, आणि पाचवीच्या मुलींची सही अजून बसलेली नसते. आठवडाभर सराव करून घ्या आणि तिला बरोबर न्या.